टफ, थ्रू, फर्लो आणि इंग्रजीचा हरवलेला उच्चार

तुरुंगाच्या बातम्या वाचणाऱ्याला 'फर्लो' हा शब्द नवा नाही. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला ठरावीक शिक्षा भोगून झाल्यावर मिळणारी ही रजा. सरकारी मराठीत तिला 'संचित रजा' म्हणतात, आणि महाराष्ट्रातले तिचे नियम १९५९ साली झाले. शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे, की तो इंग्रजी आहे हेसुद्धा चटकन आठवत नाही. पण त्याचं स्पेलिंग लिहायला सांगितलं, तर चांगले इंग्रजी शिकलेलेही थबकतात. कारण 'फर्लो'च्या शेवटी नुसता ओ नाही. तिथे ओ, यू, जी, एच अशी चार अक्षरं बसली आहेत.

हीच चौकडी 'टफ' आणि 'रफ'च्या शेवटी आहे. तिथे ती 'अफ' म्हणते. 'थ्रू'च्या शेवटी आहे, तिथे 'ऊ' म्हणते. 'दो' म्हणजे 'जरी', तिथे ती 'ओ' होते. फांदीला 'बाउ' म्हणतात आणि नांगराला 'प्लाउ', तिथे 'आउ'. 'थॉट' आणि 'बॉट'च्या मध्यभागी नुसता 'ऑ'. खोकल्याला इंग्रज 'कॉफ' म्हणतो, आपण 'कफ सिरप' म्हणतो. (आपला कफ हा संस्कृत शब्द आहे आणि इंग्रजी शब्द खोकल्याच्या आवाजावरून आलेला आहे. दोघांचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग.) 'बरो' म्हणजे शहराचा एक दर्जा. मुंबई इलाख्यात १९२५ च्या कायद्याने काही गावांना बरो म्युनिसिपालिटी मिळाली होती, आणि त्या 'बरो'च्या शेवटीही हीच चौकडी आहे. आपण स्पष्ट 'ओ' म्हणतो, लंडनचा माणूस तिथे 'बरा' असं काहीतरी पुसट म्हणून मोकळा होतो.

शाळेत मला या शब्दांची यादी पाठ करायला लावली होती. का, असं विचारलं तर उत्तर एकच: इंग्रजी अशीच आहे. ते उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. कुठलीही भाषा उगाच चार जास्तीची अक्षरं वागवत नाही. या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एकच उच्चार आहे. तो एके काळी इंग्रजांच्या तोंडी होता, पुढे गेला, आणि त्याच्यासाठी घेतलेली अक्षरं मात्र कागदावर राहिली. तो उच्चार एकदा आपल्या तोंडात आला, की यातले पुष्कळ शब्द आपोआप उलगडतात. त्यातले काही तर आपले नातलग निघतात.

तो उच्चार कसा होता? 'ख' म्हणताना आपण जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवतो आणि झटक्यात सोडतो. आता जीभ टेकवायचीच नाही, फक्त जवळ न्यायची आणि मधल्या फटीतून हवा घासत जाऊ द्यायची. उर्दूतल्या 'ख़बर'चा किंवा 'आख़िर'चा ख़ तो हाच. जर्मनी-हॉलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या तर हा रोज कानावर पडतो.

आणि आपल्या परंपरेतही तो आहे. संस्कृत वर्णशास्त्रात विसर्गाचे दोन खास उच्चार सांगितले आहेत. विसर्गापुढे क किंवा ख आला, जसा 'अंतःकरण'मध्ये, तर विसर्ग जिभेच्या मुळाशी घासून निघतो. त्याचं नाव जिह्वामूलीय. पुढे प किंवा फ आला, जसा 'अंतःपुर'मध्ये, तर तोच विसर्ग ओठांमधून फुंकल्यासारखा येतो. त्याचं नाव उपध्मानीय. म्हणजे एकाच हकारासारख्या श्वासाची दोन रूपं, एक ख़ च्या बाजूचं आणि एक फ़ च्या बाजूचं. इंग्रजीत पुढे जे घडलं त्याचं कारण वेगळं आहे, पण घशातला श्वास ओठांवर येऊ शकतो ही गोष्ट आपल्या वर्णशास्त्रकारांनी फार पूर्वी हेरून ठेवली होती. ती लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा ख़ सर्रास होता आणि तो नुसत्या एच या अक्षराने लिहीत. 'थ्रू'चं तेव्हाचं रूप साधारण 'थुर्ख़', 'टफ'चं 'तोख़', 'रफ'चं 'रूख़', 'नाइट' म्हणजे रात्र, तिचं 'निख़्ट'. जसं बोलत तसंच लिहीत. मग १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत लिहिण्याचं काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती गेलं. हा घासणारा ख़ त्यांच्या ओळखीचा नव्हता आणि त्यांच्याकडे एच हे अक्षर कमजोर, जवळजवळ मुकं होतं. तेव्हा या आवाजासाठी वेगळी खूण हवी होती. काही काळ 'योख़' नावाचं, आपल्या ३ च्या आकड्यासारखं दिसणारं एक अक्षर चाललं. हळूहळू त्याची जागा जी आणि एच या जोडीने घेतली. जोडी मुकी म्हणून आणलेली नव्हती. उलट, हा आवाज ठळक ऐकू यावा म्हणूनच ती आणली होती.

त्या काळात स्पेलिंग असं ठरलेलं नव्हतंच. जो तो आपल्या बोलीप्रमाणे लिही. उत्तर मध्ययुगातल्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना एकट्या 'थ्रू'ची सुमारे ५०० वेगवेगळी लेखनं सापडली आहेत. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. छापखान्याला एक शब्द रोज नव्या तऱ्हेने जुळवणं परवडत नाही, त्यामुळे लेखनं गोठू लागली. पण मुहूर्त मोठा वाईट लागला. नेमका तेव्हाच, पंधराव्या ते सतराव्या शतकात, हा ख़ लोकांच्या तोंडून निघून चालला होता. शिवाय सगळे दीर्घ स्वरही जागा बदलत होते. लेखन थांबलं आणि बोलणं पुढे गेलं.

आता मुख्य प्रश्न. उच्चार एक होता, तर तो जाताना इतक्या दिशांना का फुटला?

याचं अर्धं उत्तर मराठी माणसाला समजावून सांगावंच लागत नाही, कारण ते आपल्या सामान्यरूपात आहे. 'भाऊ' म्हणतो, पण 'भावाला', 'भावाने'. 'पाऊस', पण 'पावसात'. शब्द एकटा असला की एक रूप, प्रत्यय लागला की दुसरं. जुन्या इंग्रजीतही विभक्तिप्रत्यय होते. 'पुरेसा' या अर्थाचा शब्द एकटा असताना 'गेनोख़' असा ख़ ने संपे. प्रत्यय लागला की तो ख़ दोन स्वरांच्या मध्ये सापडे, मऊ होई आणि शेवटी 'व' किंवा 'ऊ' मध्ये विरघळून जाई. पुढे इंग्रजीचे प्रत्ययच झडले. मग एकेका शब्दाची दोन रूपं उरली आणि कुठलं ठेवायचं ते बोलीबोलीने आपापलं ठरवलं. 'पुरेसा'च्या बाबतीत तर दोन्ही टिकली: एकट्या रूपापासून 'इनफ' आणि प्रत्यय लागलेल्या रूपापासून 'इनाउ'. हा दुसरा आता फक्त जुन्या कवितेत भेटतो. 'बाउ' आणि 'प्लाउ' हे त्या विरघळलेल्या रूपाचेच वारस आहेत. आपल्याकडे उद्या प्रत्यय नाहीसे झाले आणि अर्धा महाराष्ट्र 'भाऊ' तर अर्धा 'भावा' म्हणत राहिला, तर जे होईल तेच तिथे झालं. (कोल्हापूरकर 'काय भावा' म्हणतात ते निराळ्या कारणाने, पण कल्पना करायला मदत होते.)

उरलेलं अर्धं उत्तर ओठांत आहे. ओठ गोल करून 'रूख़' म्हणून पाहा आणि शेवटचा ख़ लांबवा. 'ऊ'साठी गोल केलेले ओठ अजून मिटायला आलेलेच असतात. ते किंचित आणखी जवळ आले, तर घशातलं घर्षण ऐकू येईनासं होतं आणि ओठांवरचं ऐकू येतं. ख़ चा फ़ होतो. जिह्वामूलीयाच्या जागी उपध्मानीय. 'रफ', 'टफ', 'इनफ', 'कॉफ', 'लाफ' हे सगळे असे ओठांवर आलेले शब्द. एका शब्दाने तर स्पेलिंगही बदलून घेतलं: बुटक्या माणसाला 'ड्वॉर्फ' म्हणतात, त्याच्या शेवटी पूर्वी हाच ख़ होता, आता तिथे सरळ एफ आहे. ही लाट नीट पसरली असती तर निदान एक नियम तरी झाला असता. पण ती गावोगाव वेगळी पोचली. काही भागांत 'डॉटर'ला 'डाफ्टर' म्हणत, तशी लेखनंही सापडतात. लंडन हे देशभरची माणसं येण्याचं ठिकाण, म्हणून तिथल्या प्रमाण भाषेने एक शब्द एका बोलीचा उचलला आणि दुसरा दुसऱ्या बोलीचा.

ख़ गेल्यावर स्वर दीर्घ राहिला की 'थ्रू', 'दो', 'प्लाउ' निघाले. ऱ्हस्व झाला की 'टफ' आणि 'कॉफ'. 'थ्रू' आणि 'थरा' म्हणजे सखोल, हे तर मुळात एकच शब्द. जोर देऊन म्हटलेलं रूप वेगळं झालं आणि आरपार जाणं वरून तळापर्यंत जाणं ठरलं.

आता थोडं आडवाटेला जाऊ. या चौकडीचे जे शब्द रोजच्या वापरातून मागे पडले, त्यांच्यावर माझा विशेष जीव आहे, कारण त्यांच्यात इंग्लंडचा डोंगर, वारा आणि चिखल भरलेला आहे.

'क्लफ' घ्या. उत्तर इंग्लंडात, लँकेशर-यॉर्कशर-डार्बीशरच्या बाजूला, डोंगर चिरत खाली येणाऱ्या अरुंद, उताराच्या ओढ्याच्या वाटेला क्लफ म्हणतात. शब्दकोश 'दरी' देतात, पण सह्याद्रीत हिंडलेल्याला नेमका शब्द माहीत आहे: घळ. डार्बीशरमध्ये किंडर स्काउट नावाचं पठार आहे आणि त्यावर चढणारी एक विल्यम क्लफ आहे. तेव्हा हे माळरान जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं आणि सामान्य माणसाला तिथे पाय ठेवायला बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो गिरणी-कारखान्यातली तरुण माणसं ती बंदी मोडून याच घळीतून वर चढली. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. डोंगर सगळ्यांना खुले व्हावेत या मागणीला त्या दिवसाने जोर आला, आणि १९५१ साली हाच परिसर ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. फुटबॉलच्या चाहत्यांना हा शब्द आडनाव म्हणून ठाऊक असेल: नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० साली सलग दोनदा युरोपियन कप जिंकून देणारे ब्रायन क्लफ. त्या आडनावाचा अर्थ घळ.

'चफ' हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. काळाकुळकुळीत, पण चोच आणि पाय लालभडक. त्याच्या ओरडण्यावरूनच नाव पडलं. कॉर्नवॉलच्या राजचिन्हात तो आहे, आणि तरीही कॉर्नवॉलमधला शेवटचा चफ १९७३ साली मेला. नंतर २००१ साली काही पक्षी आपले आपण तिथे परत आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पिल्लं काढली. लडाख किंवा स्पितीला गेलेल्या आपल्या पक्षिमित्रांनी हे पक्षी नक्की पाहिले असतील. हिमालयात लाल चोचीचे आणि पिवळ्या चोचीचे दोन्ही आहेत.

'सफ', किंवा काही जण म्हणतात त्याप्रमाणे 'साउ', म्हणजे झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज. सळसळ नव्हे, ती पानांची. हा खोल, दीर्घ, सुस्काऱ्यासारखा. कोकणात किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात संध्याकाळी उभं राहिलं की जो ऐकू येतो तो. आपण 'वारा घोंघावतो' म्हणतो, पण नुसत्या त्या आवाजाला आपल्याकडे मला एका शब्दाचं नाव सापडलेलं नाही. गंमत अशी, की तसंच स्पेलिंग असलेला दुसरा एक 'सफ' आहे आणि त्याचा वाऱ्याशी संबंध नाही. डार्बीशरमध्ये शिशाच्या खाणींत पाणी भरे. ते बाहेर काढायला डोंगराच्या पोटातून खणलेला बोगदा म्हणजे सफ. क्रॉमफर्ड गावच्या अशाच एका बोगद्याचं आणि शेजारच्या ओढ्याचं पाणी वापरून रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. कारखान्यात यंत्राने सूत काढण्याची रीत तिथून जगभर गेली. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला, तो त्याच वंशवेलीवर. आपल्या गिरणगावाच्या पूर्वजांत एक 'सफ' आहे, हे कळल्यापासून मला तो शब्द परका वाटत नाही.

एकाच स्पेलिंगचे तीन उच्चार पाहायचे असतील तर 'स्लाउ'. स्लाउ म्हणजे दलदल, राबडा. हीथ्रो विमानतळाजवळच्या ज्या स्लाउ गावात भारतीय वंशाचे पुष्कळ लोक राहतात, त्याच्या नावाचा अर्थही चिखलच. अमेरिकेत पाणथळ जागेला हाच शब्द 'स्लू' असा म्हणतात. आणि सापाने टाकलेली कात? तेच स्पेलिंग, उच्चार 'स्लफ'. हा शब्द जुना झाला म्हणतात, पण आपल्या कुठल्याही शस्त्रक्रिया विभागात जाऊन ऐका. जखमेवर साचलेल्या मेलेल्या पेशींच्या थराला डॉक्टर आणि सिस्टर रोज 'स्लफ' म्हणतात. शरीराने टाकायला काढलेली कात, असा तो शब्द आहे.

'हॉक' म्हणजे घोड्या-बैलाच्या मागच्या पायाचा मधला सांधा. आज तो सी आणि के लावून लिहितात, पण जुनं स्पेलिंग आपल्या चौकडीचं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यहोशवाला आज्ञा होते, की शत्रूच्या घोड्यांना 'हॉक' कर. म्हणजे त्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोड, घोडे रथाला जुंपता येऊ नयेत म्हणून. मुळात 'होख़' म्हणजे टाच. टाचेसारख्या पुढे आलेल्या डोंगरसोंडेलाही तेच म्हणत. १९३९ साली पूर्व इंग्लंडात सटन हू येथे जुन्या राजाची पुरलेली नौका सापडली, त्या नावातला 'हू' हाच. ख़ कुठे क झाला, कुठे विरून गेला.

इतके शब्द हिंडून झाल्यावर मी ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथे येतो. मुक्या जी-एचच्या जागी ख़ परत म्हणून पाहिला, की इंग्रजी शब्दातून ओळखीचे चेहरे वर येतात.

रात्रीचा 'निख़्ट' म्हणा. जर्मन 'नाख़्ट' जवळ आला. आता संस्कृत 'नक्त' आठवा. व्रतवैकल्यात दिवसभर उपास करून रात्री जेवण्याला आपल्याकडे अजून 'नक्त' म्हणतात. संस्कृत, जर्मन, इंग्रजी या सगळ्या एकाच मूळ भाषेच्या लेकी. त्या मूळ भाषेतला क जर्मन-इंग्रजी शाखेत ख़ झाला, हा नियम जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ साली मांडला. 'डॉटर'मध्ये ख़ घाला, की फारसी 'दुख़्तर' दिसते आणि तिच्यामागे संस्कृत 'दुहिता'. मुलीच्या मुलाला आपण 'दौहित्र' म्हणतो. इंग्रजांनी शब्दात जी-एच ठेवले, आपण ह ठेवला.

फांदीचा 'बाउ' पूर्वी 'बोख़' किंवा 'बोग' होता, आणि त्याचा आधीचा अर्थ खांदा, हात. तो आपला 'बाहू'. शर्टाची 'बाही' आणि झाडाची 'बाउ' ही एकाच हाताची नावं. 'डो' म्हणजे मळलेली कणीक. तिच्या मुळाशी माती किंवा पीठ मळणं, लिंपणं असा धातू आहे, आणि संस्कृतात तोच 'दिह्'. त्यापासून 'देह'. मातीसारखा मळून घडवलेला, तो देह. 'लेडी' या शब्दातही हीच मळणारी बाई लपली आहे, जुन्या रूपात तिचा अर्थ 'भाकरी मळणारी'. 'करायला हवं' या अर्थाचा 'ऑट' हा मुळात 'असणं, मालकीचं असणं' या क्रियापदाचा भूतकाळ, आणि त्याच्या कुळात आपला 'ईश', स्वामी, बसतो.

सगळे जी-एच मात्र इतके खानदानी नाहीत. 'डिलाइट' फ्रेंचमधून आला आणि त्यात ख़ कधीच नव्हता, केवळ 'लाइट'शी यमक जुळतं म्हणून कुणीतरी जी-एच घुसवले आणि ते राहिले. उचकीला पूर्वी सरळ 'हिकप' लिहीत. सतराव्या शतकात कुणाला वाटलं की उचकी हा एक प्रकारचा खोकलाच, आणि शेवटी 'कॉफ'चं स्पेलिंग चिकटवलं. उच्चार 'हिकप'चाच राहिला. 'घोस्ट'मधला एच कॅक्स्टनच्या छापखान्यातून आला, बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला काढल्यामुळे त्याच्या हाताला फ्लेमिश वळण होतं.

आणि आपला फर्लो? तो डच 'फरलोफ', म्हणजे परवानगी, रजा. सतराव्या शतकात सैनिकांबरोबर इंग्रजीत आला तेव्हा शेवटचा 'फ' उच्चारत आणि डबल एफ लावूनही लिहीत. 'टफ', 'रफ' पाहून पुढे त्या फ़ साठी जी-एच लिहायची रीत पडली. मग फ़ गळाला आणि जी-एच उरले. म्हणजे ख़ कधीच नसलेल्या शब्दात फ़ म्हणून आलेली जोडी, आता तीही मुकी.

हे सगळं सुटसुटीत करायचे प्रयत्न झाले. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरने १८२८ च्या कोशात नांगराला साधं, जी-एच नसलेलं स्पेलिंग दिलं आणि अमेरिकेत ते टिकलं. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्द सोप्या स्पेलिंगने छापायचा आदेश दिला, त्यात 'थ्रू', 'दो', 'थरा' होते. त्याच वर्षअखेर प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि आदेश मागे घ्यावा लागला. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाने मात्र १९३४ पासून १९७५ पर्यंत अशी काही लेखनं नेटाने चालवली आणि मग सोडून दिली.

मराठीने हे करून दाखवलं आहे. पूर्वी आपण 'कांहीं', 'नांव', 'गांव', 'घरें' लिहीत असू. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार न होणारे हे अनुस्वार काढले. (आज आपण 'घरं', 'केलं' लिहितो तो अनुस्वार निराळा, तो बोलण्यातला लांबलेला 'अ' दाखवतो.) मुलांचं ओझं हलकं झालं, आणि मी या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण त्याची किंमत काय होती तेही सांगायला हवं. 'नांव'वरचं ते टिंब म्हणजे 'नाम'मधला म होता. 'गांव'वरचं टिंब म्हणजे 'ग्राम'मधला म. अनुनासिक उच्चार गेला तरी टिंब त्याची जागा दाखवत होतं, अगदी इंग्रजीतल्या जी-एचसारखं. आता माणसाचं नाव आणि नदीतली नाव डोळ्यांना एकसारखी दिसतात. इंग्रजीने उलटी निवड केली: मुलांना यादी पाठ करायला लावली आणि 'थॉट'मधला ख़ जपला.

तो ख़ इंग्लंडातून गेला, पण ब्रिटिश बेटांवरून पूर्ण गेलेला नाही. स्कॉटलंडच्या बोलीत रात्र अजून 'निख़्ट' आहे आणि मुलगी 'डॉख़्टर'. आयर्लंडमध्ये तळ्याला आपल्या चौकडीच्या स्पेलिंगने लिहितात आणि 'लॉख़' म्हणतात. आयरिश भाषेतला शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना ख़ साठी जी-एच घेतले, आणि बोलणाऱ्यांनी तो आवाज सोडला नाही. उत्तर आयर्लंडमधलं लॉख़ ने हे त्या बेटांवरचं सगळ्यात मोठं तळं, सुमारे ३९० चौरस किलोमीटर पसरलेलं. उत्तर इंग्लंडात, रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सन १२२ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या भिंतीच्या पायथ्याशी, एका कड्याखाली आणखी एक तळं आहे. त्याच्या नावाचं स्पेलिंग तेच आहे, तीच चार अक्षरं. तिथले लोक त्याला क्रॅग लफ म्हणतात.